पिशवीचे पैसे कोणी द्यायचे?

विकलेली वस्तू नीट बांधून गिऱ्हाइकाच्या हाती देणे हा विक्रीचाच भाग, अशी आपल्याकडच्या बाजाराची जुनी रीत आहे. जळगावच्या दाणा बाजारात किंवा धुळ्याच्या पाचकंदील भागात किराणा घेतला, की रद्दी कागदाची पुडी आणि तिच्यावरचे दोऱ्याचे वेढे यांचे वेगळे पैसे कोणी लावत नसे. तो खर्च दुकानदार मालाच्या भावातच धरायचा. गिऱ्हाइकाची जबाबदारी एवढीच, की जास्त सामान घ्यायचे असेल तर घरून थैली न्यायची.

पातळ प्लास्टिकच्या पिशवीने ही वाटणी मोडली. पिशवी इतकी स्वस्त झाली की दुकानदाराला ती फुकट देणे परवडू लागले आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने बाजारात येऊ लागले. थैलीची सवय एका पिढीत सुटली. परिणाम गटारींत आणि गुरांच्या पोटात दिसला. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर राज्य सरकारने २००६ मध्ये प्लास्टिक पिशव्यांसाठी वेगळे नियम केले आणि पातळ पिशव्यांवर बंदी घातली.

पिशवीला किंमत लावण्याची कल्पना मुळात सरकारची, हे आज बहुतेकांच्या लक्षात नसते. केंद्राच्या २०११ च्या प्लास्टिक कचरा नियमांत दुकानदाराने प्लास्टिकची पिशवी फुकट देऊ नये, असे स्पष्ट कलम होते. पैसे मोजावे लागले की माणूस थैली घरून आणेल, हा त्यामागचा हिशेब. २०१६ च्या नियमांनी पुढचे पाऊल टाकले. पिशव्या देणाऱ्या विक्रेत्याने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करून महिन्याला किमान ४,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये भरावेत, असे त्यांत होते. ही तरतूद फार काळ टिकली नाही. मार्च २०१८ मधल्या दुरुस्तीने पिशव्यांच्या किमतीचे ते कलमच वगळले. त्याच महिन्यात, २३ मार्चला, महाराष्ट्राने प्लास्टिक बंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांच्या मुदतीनंतर कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिने कैद, अशी शिक्षा ठरली.

इथून खरा घोटाळा सुरू झाला. प्लास्टिक गेले, त्याच्या जागी कागदाची आणि कापडाची पिशवी आली. पण किंमत लावण्याची प्रथा मागे राहिली. कागदी किंवा कापडी पिशवीचे पैसे घ्यावेत, असे या नियमांनी कधीही सांगितले नव्हते. तरी मोठ्या साखळी दुकानांत ३ रुपयांपासून २० रुपयांपर्यंत पिशव्या बिलात चढू लागल्या. त्यांवर दुकानाचे नाव ठळक छापलेले असते. गिऱ्हाइकाने पिशवी विकत घ्यायची आणि रस्ताभर दुकानाची जाहिरातही करायची, असा हा व्यवहार आहे.

त्याविरुद्ध ग्राहक न्यायालयांत गेलेली प्रकरणे रकमेने लहान होती, पण त्यांतून निघालेले तत्त्व मोठे आहे. २०१९ मध्ये चंदीगडच्या एका ग्राहकाने बाटाच्या दुकानातून ३९९ रुपयांचे जोडे घेतले आणि बिल ४०२ रुपयांचे झाले. वरचे ३ रुपये कागदी पिशवीचे होते. तिथल्या जिल्हा ग्राहक मंचाने ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आणि ३ रुपयांपायी कंपनीला नुकसानभरपाई, खर्च व दंड मिळून ९,००० रुपयांचा भुर्दंड बसला. पुढे बिग बझारमधल्या १८ रुपयांच्या कापडी पिशवीचे प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत गेले. २२ डिसेंबर २०२० च्या निकालात आयोगाने जे म्हटले ते प्रत्येक गिऱ्हाइकाने ध्यानात ठेवावे असे आहे. पिशवीला पैसे पडणार असतील तर ती कशी आहे आणि केवढ्याला आहे, हे ग्राहकाला दुकान निवडण्याआधी आणि माल निवडण्याआधी कळायला हवे. माल उचलून, रांगेत उभे राहून, पैसे देण्याच्या वेळी ते सांगणे ही अनुचित प्रथा होय. २०२३ मध्ये बंगळूरच्या ग्राहक आयोगाने आयकियाच्या २० रुपयांच्या, कंपनीचे नाव छापलेल्या पिशवीबाबतही ग्राहकाच्याच बाजूने निकाल दिला.

या निकालांना आधार आहे तो १९३० च्या माल विक्री कायद्याचा. त्याच्या कलम ३६ नुसार, वेगळे काही ठरलेले नसेल तर माल सुपूर्द करण्याजोगा करण्याचा खर्च विक्रेत्याने सोसायचा असतो. ‘वेगळे काही ठरलेले नसेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुकानदाराला पिशवी विकण्याची मनाई नाही. ठरवायचे तर आधी ठरवा, एवढाच कायद्याचा आग्रह आहे. बऱ्याच मोठ्या दुकानांत घरची पिशवी दारातच ठेवून घेतात किंवा तिचे तोंड पट्टीने बांधतात. अशा ठिकाणी सुट्या दहा-बारा वस्तू हातात घेऊन बाहेर पडण्याची वेळ आलेल्या माणसासमोर पिशवी ठेवली, तर त्याने ती ‘स्वखुशीने’ घेतली असे कसे म्हणता येईल?

वेष्टनाचे पैसे उघड लावले जातात तसे लपूनही घेतले जातात, आणि तो प्रकार आपल्या गावांतही जुना आहे. मिठाईचा खोका हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पेढे ६०० रुपये किलोने असतील आणि पुठ्ठ्याचा खोका ६० ग्रॅमचा असेल, तर खोक्यासकट वजन करणारा दुकानदार ३६ रुपयांचा पुठ्ठा पेढ्यांच्या भावाने विकतो. दिवाळीत चार किलो मिठाई वाटणाऱ्या घराला हा फटका दीडशे रुपयांच्या आसपास बसतो. वजनमापाच्या नियमांनुसार वजन निव्वळ मालाचे धरायचे असते, वेष्टनाचे नाही. इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्याची सोयही असते. रिकामा खोका ताटलीत ठेवून वजन वगळण्याचे बटण दाबले की आकडा शून्यावर येतो आणि मग मिठाई भरायची. प्रामाणिक दुकानदार हे गिऱ्हाइकासमोर करतो. याच जळगावच्या सराफ बाजारात दागिन्याची डबी काट्यावर ठेवण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही; सोन्याला जो न्याय, तो पेढ्याला का नसावा?

विमान कंपन्यांनी हीच वाट अधिक पद्धतशीरपणे धरली. पूर्वी एका तिकिटात जे जे यायचे त्याचे तुकडे करून एकेक विकण्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१३ मध्ये मुभा दिली. पसंतीची जागा, जेवण, खेळाचे साहित्य, वाद्ये यांना वेगळे दर लागले. २०२१ पासून सामान न नेणाऱ्याला स्वस्त तिकीट देण्याचीही परवानगी मिळाली. यातले काही रास्त आहे, कारण दर आधी कळतो. पण काही कंपन्या विमानतळावरच्या खिडकीवर प्रवेशपत्र देण्याचे २०० रुपये घेऊ लागल्या, तेव्हा जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रालयाला ते थांबवायला सांगावे लागले. प्रवासाचा कागद हातात देणे हा तिकिटाचाच भाग, हे त्यामागचे तत्त्व बाजारातल्या पिशवीपेक्षा वेगळे नाही.

धुळ्याजवळच्या गोंदूर विमानतळावरून नियमित प्रवासी सेवा नाही. जळगावहून मात्र २०२४ मध्ये फ्लाय ९१ ने गोवा आणि हैदराबादसाठी उड्डाणे सुरू केली. त्यामुळे हा प्रश्न आता खानदेशातल्या घरांतही आला आहे. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांसाठी उन्हाळ्यात वाळवलेल्या बिबड्या आणि पापड पाठवायचे, तर ते चुरडू नयेत म्हणून भक्कम डबा लागतो. त्या डब्याचे आणि भोवतीच्या कागदाचे वजन सामानाच्या मर्यादेतच मोजले जाते. मोठ्या विमानतळांवर बॅगेला प्लास्टिकचे आवरण गुंडाळून मिळते, तेही वेगळे पैसे मोजून. म्हणून घरीच बांधाबांध करून, वजन पाहून निघणे शहाणपणाचे.

राहता राहिला उपाय. थैली घरून नेणे सर्वांत उत्तम आणि त्यात पर्यावरणाचेही भले आहे. पण ग्राहकाने थैली आणावी असे ज्या दुकानाला मनापासून वाटते, त्याने ती आत नेऊ द्यावी, पिशवीचा दर दारावर लिहावा आणि पैसे घ्यायचे तर पिशवीवर स्वतःचे नाव छापू नये. ग्राहकाने बिल बनण्याआधी ‘पिशवी नको’ असे स्पष्ट सांगावे, न मागता चढवलेली पिशवी बिलातून काढायला लावावी. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत ग्राहक तक्रार निवारण आयोग आहेत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत तक्रार दाखल करता येते. तेवढी मुदत संपेपर्यंत बिल फेकू नये.