लोहभस्माच्या कुपीवर संस्कारही लिहावा

लोहभस्माच्या दोन कुप्या शेजारी ठेवाव्यात. एकीतील भस्म पक्व जांभळाच्या वर्णाचे, दुसरीतील विटकरी. ग्रंथाधार मात्र दोहोंवर एकच. पांडुरोग्यास पहिल्याने गुण आला आणि दुसऱ्याने आला नाही, तर दोष निदानाचा, पथ्याचा की भस्माचा? हे ठरविण्याचे साधन वैद्याच्या हाती नाही, ही आमची तक्रार आहे.

संस्काराने द्रव्यात गुणांतर घडते, हे चरकसंहितेचे म्हणणे. चुंबकीय लोह ऑक्साइडाच्या अतिसूक्ष्म कणांवर काम करणारे रसायनज्ञही निराळ्या वाटेने तेथेच आले आहेत. फेरस व फेरिक क्षार १:२ प्रमाणात घेऊन, हवा वर्ज्य करून अल्कली मिसळल्यास काळे, तीव्र चुंबकीय मॅग्नेटाइट मिळते. त्यास हवा लागली की तपकिरी मॅघेमाइट बनू लागते. पुढे हवेत तीव्र अग्नी दिला की तांबडे हेमाटाइट होऊन चुंबकत्व जवळजवळ लोपते.

पुटातही हेच द्रव्य आहे. शरावसंपुटाचे संधिबंधन घट्ट असेल, तर त्रिफळाक्वाथाच्या भावनेतून आलेला कार्बन ऑक्सिजन खाऊन टाकतो. ते सैल राहिले तर हेमाटाइट वाढते. शिवाय अग्नीने कण एकमेकांस चिकटून मोठेही होतात. त्यांना पुन्हा सूक्ष्म करते ते मर्दन. पुटांची संख्या पूर्ण करून खलातील वेळ वाचविणाऱ्याने अर्धाच संस्कार केला, असे आम्ही म्हणू. (गोवऱ्यांऐवजी विद्युत्‌भट्टी वापरण्यास आमचा विरोध नाही, तापमान नोंदता येते, हा तिचा लाभच.)

काही वैद्यबंधू भस्मावर लोहचुंबक फिरवितात आणि कण चिकटले की ते कच्चे ठरवितात. ही घाई होय. कच्चे लोह चिकटते, तसे उत्तम मॅग्नेटाइटही चिकटते. रेखापूर्ण, वारितर, निरुत्थ या परीक्षांची जागा चुंबक घेऊ शकत नाही; कोणते ऑक्साइड किती, हे क्ष-किरण विवर्तनासारख्या तपासणीने कळते.

भस्मास ‘नॅनो औषध’ म्हणून मिरविण्याची हौसही आम्हांस मान्य नाही. प्रयोगशाळेतील एकसारख्या कणांवरचे निष्कर्ष लहानमोठ्या कणांच्या, वनस्पतिजन्य क्षारांनी युक्त भस्मास जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तेव्हा प्रत्येक घाण्याच्या कुपीवर भावनाद्रव्य, पुटसंख्या, मर्दनाचा काल, कमाल तापमान आणि ऑक्साइडाचा प्रकार छापलेला असावा. जे निर्माते तो छापत नाहीत, त्यांच्याकडून खरेदीपूर्वी ही माहिती लेखी मागवावी, अशी सर्व सभासदांस आमची विनंती आहे.