लाज स्थायी होते तेव्हा

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ स्थायीभावांपैकी शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा हे चार भाव प्रत्यक्ष जगण्यात कोणालाच नको असतात. रोजच्या व्यवहारात ज्यांना आपण दाराबाहेर ठेवू पाहतो, त्यांना आपल्या काव्यशास्त्राने निम्मी जागा दिली. हे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. त्या यादीत लाज नाही, याकडे मात्र आमचे लक्ष उशिराच गेले. 'व्रीडा' या नावाने ती तेहेतीस व्यभिचारी भावांत आहे. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने ती येते आणि जाते.

१९७८ साली प्रसिद्ध झालेले दया पवारांचे 'बलुतं' वाचताना या वर्गीकरणाविषयी शंका येऊ लागते. तेथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना ऐकवतो. सांगणारा आणि ऐकणारा एकच. तरी दोघांत अंतर आहे, आणि ते अंतर लाजेने भरलेले आहे. जातीमुळे लादली गेलेली लाज, शिकून-सवरून पुढे आल्यावर मागच्यांविषयी वाटणारी लाज आणि तशी लाज वाटली याचीही लाज. ही येऊन-जाऊन असणारी भावना नव्हे. समाजाने एखाद्याच्या वाट्याला ती कायमची दिली, तर ती स्थायीच होते.

हे आम्हांला समीक्षाग्रंथांनी शिकवले नाही. आमच्यापैकी एकीने वर्गात 'बलुतं' शिकवताना 'त्या समाजाचे दाहक वास्तव' असा नेहमीचा शब्दप्रयोग केला. तास संपल्यावर एक विद्यार्थी थांबला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, परीक्षेत मी हे लिहीन. पण 'तो समाज' तिसऱ्या बाकावर बसला होता." त्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही फारसे बोललो नाही. पहिली प्रतिक्रिया स्वतःचा बचाव करण्याचीच होती: हेतू वाईट नव्हता, शब्द पाठ्यपुस्तकी होता, इत्यादी. बचाव संपल्यावर जे उरले, त्याला लाज हेच नाव होते. आणि 'तो' या एका सर्वनामात आम्ही स्वतःला कोठे उभे केले होते, हे त्या लाजेनेच दाखवले.

येथे एक सावधगिरी हवी. त्या विद्यार्थ्याची लाज आणि आमची लाज यांना एका मापाने मोजता येणार नाही. त्याची लाज इतरांच्या कृतीतून त्याच्यावर आली होती. आमची आमच्याच कृतीतून. त्याने आपल्या लाजेतून काही 'शिकावे' असे म्हणणे हा उद्धटपणा ठरेल. वेदना माणसाला घडवते, हे वाक्य बहुधा ज्यांना ती भोगावी लागली नाही त्यांच्याच तोंडी असते. शिकण्याची जबाबदारी ज्याच्या हातून चूक झाली त्याची.

साधारणीकरणाचा सिद्धान्त सांगतो की, काव्यातील भाव 'माझा' आणि 'त्याचा' या बंधनांतून सुटतो, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. सिद्धान्त मोठा आहे, याविषयी आमचे दुमत नाही. पण लाजेच्या बाबतीत ही सुटका फार लवकर होऊ नये, असे आम्हांस वाटते. लाज कोणाची, ती कोणी लादली, आणि वाचणारा कोणत्या बाजूला उभा आहे, हे प्रश्न पुसले गेले तर हाती केवळ हळहळ उरते. हळहळ सोयीची असते. ती वाचकाला काही बदलायला लावत नाही.

आजकाल महाविद्यालयांतील व्यक्तिमत्त्वविकासाच्या व्याख्यानांत नकारात्मक भावना झटकून टाकण्याचा उपदेश आवर्जून होतो. त्या दिवशीची लाज आम्ही झटकली असती, तर पुढच्या वर्षीही 'तो समाज' असेच म्हणालो असतो. आता हे पुस्तक शिकवताना आम्ही रस ओळखायला सांगत नाही. दगडू बोलत असताना ऐकणारा कोण आहे, आणि आपण त्याच्यापासून किती अंतरावर बसलो आहोत, एवढेच विचारतो. त्यानंतर वर्गात काही काळ कोणी बोलत नाही. ती शांतता भरून काढण्याची घाई आम्ही सोडली आहे.