२०१ वं युनिट हजार रुपयांचं! उन्हाळ्याआधी घरची वीज कागदावर चालवून बघा

आदिलाबाद : पैनगंगेच्या अलीकडं बेला-जैनद आणि पलीकडं पाटणबोरी-पांढरकवडा. ऊन दोन्हीकडं सारखंच, कूलर-पंखेही तेच. पण विजेच्या बिलाचा हिशेब नदी ओलांडली की बदलतो. म्हणून पलीकडच्या पाहुण्यांनी सांगितलेली वीजबचतीची युक्ती अलीकडं चालेलच असं नाही.

तेलंगणात गृहज्योती योजनेत मार्च २०२४ पासून पात्र रेशनकार्डधारक घरांना महिन्याला २०० युनिटपर्यंत शून्य बिल येतं. मात्र २०० च्या वर एक युनिट गेलं की फक्त त्या युनिटचे नाही, तर सगळ्या युनिटचे पैसे भरावे लागतात. शिवाय २०० ओलांडलं की दरही बदलतो. पहिली २०० युनिटं ५.१० रुपयांनी, पुढची १०० युनिटं ७.७० रुपयांनी. म्हणजे २०० युनिटला शून्य आणि २०१ ला १,०२७ रुपये ७० पैसे. स्थिर आकार वगैरे वेगळे. योजनेत नसलेल्या घरालाही हा उंबरठा चुकत नाही. २०० युनिटला त्यांचा वीज आकार ८२० रुपये असतो, एका युनिटनं तो २०७ रुपयांनी वाढतो.

अशा वेळी बाजारातलं स्मार्ट प्लग, ॲप, नवीन मीटर घ्यायच्या आधी घराची एक खोटी-खोटी प्रतिकृती करून बघणं फायद्याचं. वही चालेल, मोबाईलमधली एक्सेल शीट त्याहून बरी. चार रकाने करा : उपकरण, वॅट, नग, रोजचे तास. तिन्ही आकडे गुणून १,००० नं भागलं की रोजची युनिटं निघतात.

मे महिन्यातलं एक साधं घर घेऊ :

- ७५ वॅटचे ३ पंखे, १४ तास : ३.१५ युनिट
- १८० वॅटचा कूलर, १२ तास : २.१६
- फ्रीज : अंदाजे १
- टीव्ही ८० वॅट, ४ तास : ०.३२
- ९ वॅटचे ६ एलईडी, ६ तास : ०.३२
- पाण्याची मोटर, अर्धा तास : ०.२५
- मिक्सर, मोबाईल : ०.२०

रोजचे ७.४० म्हणजे महिन्याला २२२ युनिट. बिलाचा वीज आकार साधारण १,१८९ रुपये. एसी नाही, गिझर नाही, तरी शून्य बिल गेलं.

आता शीटमध्येच बदल करून बघा. कूलर रोज चार तास कमी केला तर २१.६ युनिट वाचतात, आकडा येतो २००.५. एवढा घाम गाळूनही काठावरच! त्याऐवजी दोन पंखे ३० वॅटचे बीएलडीसी लावले तर जवळपास ३८ युनिट वाचतात आणि महिना १८४ वर थांबतो, कूलरला हात न लावता. दोन पंख्यांना पाच-सहा हजार लागतील. उन्हाळ्याचे तीन महिने बिल शून्यावर राहिलं तर दोन उन्हाळ्यांत ते वसूल होतात. हे पैसे खर्च करायच्या आधीच कळलं, हाच या खेळाचा उपयोग.

पलीकडं याच घराचं उत्तर वेगळं. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर, पुढच्यांना त्याहून जास्त, पण मागचे दर बदलत नाहीत. तिथं २२ युनिट वाचवली तर २२ युनिटांचेच पैसे वाचतात. उलट तिथं वेळेला किंमत आहे. टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ च्या वापरावर सवलत लागू झाली. त्यामुळं तिकडच्या शीटला २४ तासांचे रकाने हवेत. मोटर, इस्त्री, वॉशिंग मशीन दिवसा हलवून बघा. आदिलाबादला घरगुती बिलात वेळेचा भाव नाही, इथं फक्त महिन्याची बेरीज बघायची.

छतावरच्या सोलरचंही तसंच. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे आणि एक किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देतो. पण ज्या घराला वर्षातले नऊ-दहा महिने शून्य बिल येतं, त्यानं कर्ज काढून नेमकं वाचवायचं काय? महिन्याला ४०० युनिट वापरणाऱ्या, योजनेबाहेरच्या घराचा वीज आकार २,६९० होतो. त्याचं गणित जमू शकतं.

कागदावरचा अंदाज खरा की खोटा, ते मीटर सांगेल. आठवडाभर रोज एकाच वेळी रीडिंग लिहा, फरक आला तर तास दुरुस्त करा. ३० दिवसांच्या महिन्यात रोजचं बजेट साडेसहा युनिट धरा. विसाव्या दिवशी १३० च्या वर गेलात तर सावध व्हा. दिवस मात्र कॅलेंडरचे नको, बिलावरच्या रीडिंगच्या तारखेपासून मोजा.

एक प्रश्न सरकारलाही विचारायला हवा. योजना कमी वापराच्या घरांपुरती ठेवायची म्हणून मर्यादा लागते, हे मान्य. पण मर्यादा ओलांडल्यावर वरच्या युनिटांपुरतेच पैसे घेता येत नाहीत का? आजच्या नियमात १५० युनिटच्या घराला बचतीचं कारण नाही, आणि लेकराला उकडतं म्हणून रात्रभर कूलर लावणाऱ्याला हजाराचा दंड आहे. नियम बदलेपर्यंत तरी आपली बेरीज आपणच ठेवायची. एप्रिलच्या रीडिंगआधी शीट तयार ठेवा.