शस्त्रक्रिया हृदयाची, तयारी फुफ्फुसांची

घरात कोणाची बायपास ठरली की मंडळी दोनच गोष्टी विचारतात : किती नळ्या बंद आहेत आणि खर्च किती. रोग्याला वर्षानुवर्षे खोकला आहे, बांध चढताना धाप लागते, हे डॉक्टरांना सांगावयाचे राहूनच जाते. आमच्या मते ते सर्वांत आधी सांगावे.

जुनाट फुफ्फुसविकार काही विडी ओढणाऱ्यालाच होतो असे नाही. जिने जन्मात विडीला हात लावला नाही, पण उभे आयुष्य चुलीपुढे फुंकणीने जाळ केला, तिलाही तो होतो. मळणीची धूळ त्यात भर घालते. अशा माणसाच्या श्वासनळ्या अरुंद झालेल्या असतात व कफ फार सुटतो.

बायपाससाठी छातीचे मधले हाड उभे कापतात. हृदय थांबवून यंत्रावर रक्त फिरविले जाते तेव्हा तेवढा वेळ फुफ्फुसे बहुधा मिटलेलीच असतात. पुढे जखम दुखते म्हणून रोगी वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ साचतो, फुफ्फुसाचा खालचा भाग, बहुतेक वेळा डावीकडचा, मिटतो आणि न्यूमोनिया गाठतो. धडधाकट फुफ्फुसे यातून सावरतात. ज्यांची आधीच झिजली आहेत त्यांना पुन्हा श्वासयंत्रावर ठेवण्याची पाळी येऊ शकते. हृदय उत्तम चालले आहे आणि माणूस श्वासासाठी अडला आहे, असा हा प्रकार.

शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर मधले आठवडे फुकट घालवू नयेत. हॉलंडमधील उट्रेख्ट येथील एक पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. फुफ्फुसांचा धोका अधिक असलेल्या काही बायपास रोग्यांकडून निदान दोन आठवडे, रोज वीस मिनिटे, एका लहानशा साधनातून जोराने श्वास आत ओढण्याचा व्यायाम करविला. त्यांच्यात शेकडा १८ जणांना फुफ्फुसांचा त्रास झाला. ज्यांनी तो केला नाही त्यांच्यात शेकडा ३५ जणांना. लाखांच्या खर्चात हे साधन म्हणजे किरकोळ गोष्ट. तरीही आपणहून ते सुचविणारी रुग्णालये थोडीच. तेव्हा आपणच विचारावे. फुंकून करावयाची श्वासाची तपासणी मागावी, विडी निदान चार आठवडे आधी, जमल्यास त्याहूनही आधी, सोडावी, श्वासाचा पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. ताप आला किंवा कफ पिवळा-हिरवा झाला तर तारीख पुढे जाईल या भीतीने लपवू नये.

शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांची माया आड येते. 'हलू नका, बोलू नका' म्हणून रोग्याला निजवून ठेवतात. डॉक्टरांनी सांगताच त्याला उठवून बसवावे, चालवावे. उशी छातीशी घट्ट धरून खोकू द्यावे. दुखण्याची गोळी वेळेवर द्यावी, म्हणजे श्वास खोल जातो. आणि घरी आणल्यावर त्याची खाट चुलीच्या धुरात किंवा खळ्याच्या वाऱ्याला टाकू नये.