कंपनीवाले गावात आले की

जवळपास एमआयडीसी असलेल्या गावात कधी ना कधी कंपनीची गाडी ग्रामपंचायतीसमोर थांबते. ‘सीएसआरमधून काही करायचंय, काय देऊ?’ असं साहेब विचारतात. मग कुणी शिलाई मशिनं सुचवतं, कुणी शाळेला बाकं, कुणी वेशीवर कमान. बाकं हवीतच. (कमानीबद्दल न बोललेलं बरं.) पण गावातल्या बायांच्या, शेतमजुरांच्या बँकखात्यांचा विषय त्या बैठकीत सहसा निघत नाही. तो तुम्ही काढा, एवढ्यासाठी हे लिहिणं.

आधी मनातला संकोच टाका. कंपनी उपकार करायला आलेली नसते. २०१३च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४पासून लागू आहे. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक आकडा गाठला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजकामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावेच लागतात. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, असंही तो कायदा सांगतो. म्हणजे मागायला लाजायचं कारण नाही.

‘खाती तर सगळ्यांची आहेत की,’ असं कुणीतरी म्हणेलच. आहेत. २८ ऑगस्ट २०१४ला जनधन सुरू झालं, २०२४मध्ये लाडक्या बहिणीच्या दीड हजारांसाठी उरलेल्यांनीही रांगा लावल्या. पैसे जमा होतात, बाई ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावून काढून आणते, संपलं. आता त्याच खात्याचं दुसरं अंग बघा. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देतो. जीवन ज्योती विमा ४३६ रुपयांत, मृत्यू कसाही आला तरी वारसाला २ लाख देतो. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. मेअखेरीस खात्यात ४५६ रुपये नसले, की विमा गेला. घरात ते कुणाला कळतही नाही. जनधनच्या रुपे कार्डावरही अपघात विमा आहे, पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत ते कार्ड वापरलेलं असावं लागतं. आपल्याकडे कार्ड पत्र्याच्या पेटीत, साडीच्या घडीखाली, पाकिटासकट. आणि दोन वर्षं व्यवहारच झाला नाही, तर खातं निष्क्रिय होतं. मग पुन्हा केवायसी, पुन्हा खेटे, पुन्हा एक मजुरी बुडाली.

ही अडचण एका दिवसाच्या ‘आर्थिक साक्षरता शिबिरा’नं सुटत नाही. मंडप, बॅनर, पुस्तिका, चहा-बिस्किटं, फोटो, आणि चार वाजता गाडी परत. पुढच्या आठवड्यात अंगठा जुळला नाही म्हणून पैसे अडकले, तर ती पुस्तिका काय करणार?

साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला काय घडलं ते आठवा. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायांनी स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा सभासद बाया निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं अर्ज नाकारला. बाया लिहाय-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांनाच आव्हान दिलं की व्याजाचा हिशेब कॅल्क्युलेटरशिवाय कोण आधी काढतं ते बघू. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. पुढे मजुरी बुडवून शाखेत येणं बायांना परवडेना, तेव्हा बँकेची माणसं त्यांच्या दारात, बाजारात जाऊ लागली. बाई शिकली हे खरंच, पण बँकही तिच्याकडे चालत गेली. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे.

म्हणून कंपनीकडे वस्तू मागू नका, माणूस मागा. गावातलीच, बचत गटाचे हिशेब ठेवणारी एखादी ताई, तिला दोन-तीन वर्षं मानधन, एक मोबाइल, प्रवासखर्च. काम एवढंच: घरोघरची पासबुकं बघायची, वारसाची नोंद तपासायची, मे महिन्यात हप्त्याची आठवण करायची, कुणी गेलं तर दावा भरून द्यायचा, बँकेत सोबत जायचं. ‘आम्हाला ३१ मार्चच्या आत खर्च संपवावा लागतो,’ असं साहेब म्हणाले तर त्यांना नम्रपणे सांगा की कायद्यात चालू प्रकल्पाची सोय आहे. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम चालवता येतं.

दोन ठिकाणी सावध राहा. कुणी ‘सीएसआरचा निधी आणून देतो, आधी फाइलचा खर्च द्या’ म्हणाला, तर त्याला चहा न पाजता वाटेला लावा. कंपनीच्या वतीनं सीएसआरचं काम करणाऱ्या संस्थेकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाचा सीएसआर नोंदणी क्रमांक असावा लागतो, तो विचारा. दुसरं, कर्ज देणाऱ्या कंपनीनं सीएसआरच्या बॅनरखाली कर्जाचेच अर्ज भरून घेतले, तर तिथेच थांबवा. स्वतःचा नेहमीचा धंदा सीएसआरमध्ये धरता येत नाही. मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलंच, तर तुम्हाला समजणाऱ्या भाषेतलं कर्जकार्ड मागा. कर्जासोबत विमा गळ्यात मारणं आणि सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर वसुलीला येणं, दोन्हींना रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. महिन्याभरात दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद कशी मागायची याची चौकशी १४४४८ या नंबरावर करता येते.

आता वेळेचं. मार्च तोंडावर आला की कंपन्यांची धावपळ सुरू होते. घाईत सायकली वाटता येतात, माणूस नेमता येत नाही. पत्र मे महिन्यातच जायला हवं. त्याआधी बचत गटाच्या बैठकीत पासबुकं एकत्र आणा आणि मोजा: किती खाती बंद पडली, किती जणांचा विमा चालू आहे, किती ठिकाणी वारसाचा रकाना कोरा आहे. हे आकडे १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवा, ठराव लिहून घ्या आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत पत्राला जोडा.