रेंज शोधण्याचे कामही बाईनेच करायचे का?

२०२५ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. सह्याद्रीच्या कुशीतल्या एका वाडीवर बचत गटाची बैठक होती. ठरल्या वेळी मी देवळात पोहोचले तर तिथे कोणीच नाही. पायरीवर बसलेल्या आजी म्हणाल्या, "बायका सड्यावर गेल्यात. रेंज घ्यायला."

मीही सडा चढले. वर वीस-पंचवीस बायका उन्हात बसलेल्या. सगळ्यांत मिळून चार फोन. 'लाडकी बहीण'ची ई-केवायसी करायची होती. एकीचा आधार क्रमांक भरला की सगळ्याजणी फोनकडे डोळे लावून बसत. ओटीपी यायचा तो वेळ टळून गेल्यावर. मग पुन्हा पहिल्यापासून. शिवाय ओटीपी एक नव्हे, दोन. एक बाईचा, दुसरा नवऱ्याचा किंवा वडिलांचा. नवरा मुंबईत कामावर, त्याचा फोन खिशात वाजतोय, तो उचलत नाही. खाली शेतात भात पिकून उभे, कापणीचे दिवस. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सहा जणींचे काम झाले. बाकीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेल्या.

उतरताना एक मावशी म्हणाल्या, "पूर्वी पाण्याला डोंगर उतरायचो, आता रेंजला डोंगर चढायचा. एवढाच फरक."

मैत्रिणींनो, हा फरक 'एवढाच' नाही असे मला वाटते. म्हणून हे लिहीत आहे.

इंटरनेट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शहरातली तरुण मुले येतात. हा तंत्राचा विषय, तो जाणकारांनी बघावा, अशी आपलीही समजूत असते. पण गेल्या काही वर्षांत गावातल्या गरीब बाईचे बहुतेक सगळे हक्क ह्या जाळ्यावर नेऊन ठेवले आहेत. रेशन दुकानात अंगठा यंत्रावर. रेशन कार्डाची पडताळणी ऑनलाइन. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून सगळीकडे मोबाईलवरची हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून चढवायचा. दुसरा फोटो गेला नाही की दिवसभर माती उपसलेल्या बाईची मजुरी अडायची. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. त्यातही यंत्राने ओळख पटवण्यावरच भर आहे.

अंगणवाडीचे तसेच. मार्च २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' आला. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले, हे आपल्याला आठवत असेल. फोन निकृष्ट, ॲप इंग्रजीत आणि काम मात्र दुप्पट, असे त्यांचे म्हणणे होते. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी चेहरा जुळवणे सक्तीचे झाले. म्हणजे गरोदर बाईने, तान्ह्या बाळाच्या आईने फोनसमोर तोंड धरून उभे राहायचे. रेंज नसेल तर सेविकेने तिला पुन्हा बोलवायचे. पुन्हा येणारी बाई, पुन्हा बोलवणारीही बाई. भांडण लागते ते ह्या दोघींत. ज्यांनी नियम केला ते दोघींनाही दिसत नाहीत.

ह्या सगळ्यात खर्च कोणाचा होतो? वेळ बाईचा, बुडालेली रोजी बाईची, घरी उशिरा पोहोचल्याबद्दलची बोलणी बाईची. पाणी भरणे, सरपण आणणे ह्या बिनमोल कामांच्या यादीत आपण आता आणखी एक काम लिहायला हवे. रेंज शोधणे. शासनाने आपले कागद ऑनलाइन केले, पण त्यासाठी लागणारी सोय गावापर्यंत पोहोचवली नाही. मधले अंतर बाई पायांनी भरून काढते आहे.

"आता सगळ्यांकडेच मोबाईल आहेत की," असे अधिकारी म्हणतात. सगळ्यांकडे म्हणजे कोणाकडे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ग्रामीण स्त्रियांपैकी २४.६ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. ग्रामीण पुरुषांमध्ये हे प्रमाण ४८.७ टक्के होते. म्हणजे निम्मेच. त्यानंतर फोन वाढले, आकडेही वाढले असतील. पण घरात एकच चांगला फोन असेल तर तो कोणाच्या खिशात असतो, हे सांगायला पाहणीची गरज नाही. पॅक कोण मारतो, फोनमध्ये काय बघितले ते कोण तपासतो, मुलीच्या हातात फोन दिसला तर घरात काय होते, हे आपण रोज बघतो.

आणि त्या नवऱ्याच्या ओटीपीचे काय? जिला नवऱ्याने टाकले आहे, जी मारहाणीला कंटाळून माहेरी आली आहे, तिने शासनाच्या मदतीसाठी त्याच नवऱ्याकडे आकडा मागायचा? जिचे वडीलही नाहीत आणि नवराही नाही तिने कोणाकडे जायचे? ओरड झाली, मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली आणि अशा बायकांसाठी वेगळी सोय करावी लागली. पण मुळात नियम करताना त्या बायका कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हत्या. रेंज उत्तम असती तरी हा प्रश्न राहिलाच असता. म्हणून नुसते इंटरनेट पोहोचले की बाई मोकळी झाली, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की ते पोहोचलेले नसताना तिच्या भाकरीला त्याची अट घालणे हा अन्याय आहे.

आता तार कुठे अडली ते बघू. गावोगावी ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचे नाव 'भारतनेट' झाले. उद्दिष्ट होते अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याचे. मुदती आल्या आणि गेल्या. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितले की एक हजार दिवसांत सहा लाखांहून अधिक गावांत फायबर पोहोचेल. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. म्हणजे पैसा नाही हे कारण नाही. ह्या कामासाठीचा निधी २००२ पासून टेलिफोन कंपन्यांच्या महसुलातून गोळा होतो आहे. ग्रामीण भागात सेवा द्यायची म्हणून गोळा झालेली मोठी रक्कम वर्षानुवर्षे पडून राहिली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीला 'डिजिटल भारत निधी' असे नवे नाव दिले.

सरकारी कागदावर दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती आज 'सेवेस तयार' आहेत. हा शब्द नीट वाचा. सेवा सुरू आहे असा त्याचा अर्थ नाही. कितीतरी ठिकाणी पेटी भिंतीवर बसवलेली आहे, पण कार्यालयाला कुलूप. वीज गेली की पेटी बंद, बॅटरी निकामी. रस्त्याच्या किंवा नळपाणी योजनेच्या खोदकामात जेसीबीने तार तोडली की महिनोन्महिने कोणी जोडत नाही, कारण तार टाकणारा ठेकेदार एक, सांभाळणारा दुसरा आणि खोदणारा तिसराच.

समजा तार चालू आहे. तरी ती ग्रामपंचायतीपर्यंत. महाराष्ट्रात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार, आणि महसुली गावेच चाळीस हजारांहून अधिक. वाड्या, पाडे, तांडे वेगळेच. सातपुड्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्यात किंवा मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात एकेका ग्रामपंचायतीचे पाडे डोंगरांत विखुरलेले. पंचायतीची तार तिथे जात नाही. वस्ती विरळ, उत्पन्न कमी, म्हणून खाजगी कंपन्याही जात नाहीत. दलित वस्ती, आदिवासी पाडा, भटक्यांची पाले नेहमीप्रमाणे शेवटी. पाण्याची पाइपलाइन जिथे थांबते, साधारण तिथेच ही तारही थांबते.

मध्येच एखादे गाव निवडून त्याचा गाजावाजा होतो. २०१६ मध्ये मेळघाटातले हरिसाल 'डिजिटल गाव' म्हणून देशभर गाजले. नोव्हेंबर २०२५ मध्ये गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव ह्या जिल्ह्यांसाठी उपग्रहावरून इंटरनेट आणण्याचे इरादापत्र राज्य शासनाने एका परदेशी कंपनीशी केले. तार जाऊच शकत नाही अशा पाड्याला उपग्रहाचा उपयोग होईल, त्याला विरोध कशाला? पण त्याचा दर कोण ठरवणार, तो कोण भरणार, आणि जमिनीवरची अर्धवट तार त्या नावाखाली विसरली जाणार का, हे विचारायलाच हवे.

आपल्याच बैठकांत एक आक्षेप येतो. "आधी पाणी, रस्ता, दवाखाना. इंटरनेट ही चैन." मीही पूर्वी असेच म्हणत असे. पण आज दवाखान्याची नोंद, शिष्यवृत्तीचा अर्ज, विम्याचा दावा, सातबारा, सगळे त्याच वाटेने जाते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर भरली, तेव्हा ज्या घरात एक फोन होता तिथे तो आधी मुलाला मिळाला. मुलगी चुलीपाशी गेली आणि कित्येक जणी पुन्हा शाळेत आल्याच नाहीत. त्याला चैन म्हणायचे का? दुसरा आक्षेप असा की इंटरनेटवर बायकांची बदनामी होते, मुली फसवल्या जातात. होते, हे खरे आहे, आणि त्याविरुद्ध लढायलाच हवे. पण रस्त्यावर छेड काढतात म्हणून मुलीने घरात बसावे, हे आपण कधी मान्य केले नाही. इथे तरी का करावे?

न्यायालयांनीही ह्यात काही पावले टाकली आहेत. केरळमधल्या फहीमा शिरीन ह्या विद्यार्थिनीने मुलींच्या वसतिगृहातल्या मोबाईलबंदीला विरोध केला, म्हणून तिला वसतिगृहातून काढले. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून ह्यांना केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटता येत नव्हती, म्हणून त्यांचे बँकेतले काम अडले. त्यांच्या याचिकेवर ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. केरळ सरकारने जून २०२३ मध्ये स्वतःचे फायबर जाळे सुरू केले. २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट अजून लांब आहे. पण ही सेवा लोकांना देणे ही सरकारची जबाबदारी, एवढे तरी तिथे मान्य झाले.

मग आपण काय मागायचे? मला सुचते ते असे.

एक. रेंज नाही, सर्व्हर बंद आहे, ह्या कारणाने रेशन, मजुरी, पोषण आहार किंवा अनुदान अडवता कामा नये. कागदावर नोंद करून त्याच दिवशी हक्क मिळाला पाहिजे.

दोन. कोणत्याही योजनेत बाईची ओळख नवऱ्याच्या किंवा बापाच्या फोनवर टांगलेली नसावी.

तीन. तार ग्रामपंचायतीच्या कार्यालयात न थांबता वाडीच्या शाळेत, अंगणवाडीत, उपकेंद्रात यावी. पंचायतीच्या ओट्यावर पुरुष बसलेले असतात, तिथे पोरगी अर्ज भरायला एकटी जात नाही. अंगणवाडीत जाते.

चार. सेविका आणि आशा ह्यांना चांगला फोन आणि त्याचा पूर्ण खर्च मिळावा, आणि काम मराठीत करता यावे.

पाच. तार तुटली तर कोणी, किती दिवसांत जोडायची, ते पंचायतीच्या फलकावर लिहिलेले असावे. हे काम गावातल्या मुलींना शिकवावे, आणि पगार देऊन शिकवावे.

आणखी एक गोष्ट आपल्याला माहीत हवी. सुधारित भारतनेटमध्ये ग्रामपंचायतीचे ठिकाण नसलेल्या गावांना तार द्यायची आहे ती 'मागणीनुसार'. म्हणजे जे गाव मागेल त्याला. मागणार कोण? ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असे आपला कायदा सांगतो. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. १९७२ च्या महागाईत बायकांनी लाटणी हातात घेतली, पाण्यासाठी भांडणाऱ्या मृणालताई गोरे 'पाणीवाली बाई' झाल्या. तेव्हाही पाणी हा इंजिनिअरांचा विषय आहे, असे सांगणारे होतेच.

त्या वाडीवरच्या बायकांनी डिसेंबरात महिला सभेत ठराव केला. 'अंगणवाडीत तार द्या, तोवर कोणाचे रेशन अडवू नका.' ग्रामसेवकांनी आधी तो लिहून घ्यायलाच नकार दिला. असला विषय महिला सभेत येत नाही, म्हणाले. बायका उठल्या नाहीत. शेवटी ठराव इतिवृत्तात आला, त्याची प्रत तालुक्याला गेली. उत्तर अजून आलेले नाही. बायका अजूनही सड्यावर जातात.

तुमच्या पुढच्या महिला सभेत एवढे तीन प्रश्न विचारा. आपल्या पंचायतीची पेटी चालू आहे का? तिची किल्ली कोणाकडे आहे? आपल्या वाडीसाठी कोणी मागणी केली आहे का? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या, आणि आम्हालाही कळवा. शंभर गावांचे ठराव एकत्र आले, तर पुढच्या वेळी सडा चढायची पाळी तालुक्याच्या साहेबांवर येईल.