चांद्याचा ‘खुनी’: बाबुराव शेडमाके, अहेरी आणि एका शब्दाचे राजकारण

(१) २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबुराव पुल्लेसूरबापू शेडमाके याला फाशी देण्यात आली. त्याचे वय पंचवीस वर्षे होते. इंग्रजी दप्तराच्या लेखी तो बंडखोर, लुटारू आणि दोन गोऱ्या कर्मचाऱ्यांचा खुनी होता. आज त्याच्या नावामागे ‘क्रांतिवीर’ हे बिरुद लावले जाते. बिरुद बदलले, परंतु विचार करण्याची पद्धत बदलली आहे का, हा या धाग्याचा प्रश्न आहे.

(२) बाबुरावाविषयी दोन कथा प्रचलित आहेत. पहिली दप्तराची: जंगलातून एक टोळी आली, तिने लूट केली, माणसे मारली आणि कायद्याने तिच्या म्होरक्याला शासन केले. दुसरी आजच्या समाजमाध्यमांची: जंगलातून एक वीर आला, एकट्याने साम्राज्याशी लढला आणि एका फितूर राणीमुळे फासावर गेला. या कथा परस्परविरोधी वाटतात, पण त्यांची चूक एकच आहे. दोन्हींत बाबुराव ‘जंगलातून’ येतो आणि चांदा हे केवळ त्याच्या मृत्यूचे ठिकाण ठरते.

(३) वस्तुस्थिती निराळी आहे. चांदा हे गोंड राजांनी वसवलेले राजधानीचे नगर. परंपरेने त्याच्या स्थापनेचे श्रेय खांडक्या बल्लाळशाहाला दिले जाते. नगराभोवती अकरा-बारा किलोमीटरचा दगडी परकोट, जटपुरा, बिनबा, अचलेश्वर आणि पठाणपुरा हे चार दरवाजे, पाच खिडक्या आणि दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह, हे गोंड राजसत्तेचे चिन्ह. महाकालीचे मंदिर आणि बीरशाहाची समाधी राणी हिराईने बांधली. ज्या समाजाला इंग्रजांनी ‘रानटी’ म्हटले, त्याच समाजाच्या राजघराण्याचे हे नगर होय.

(४) आता घराण्याचा संबंध पाहावा. बाबुरावाचे घराणे चांद्याच्या एखाद्या गल्लीत राहत नव्हते. त्याचा जन्म १८३३ चा, अहेरी परिसरातील किष्टापूरचा. परंतु मोलमपल्ली अहेरीच्या जमीनदारीत मोडत असे, आणि अहेरी ही चांद्याच्या मुलखातील सर्वांत मोठी जमीनदारी. या जमीनदाऱ्यांची मुळे गोंड राजांच्या व्यवस्थेत होती: राजाने मुलूख राखायला द्यावा, जमीनदाराने सेवा आणि नजराणा द्यावा. मोलमपल्ली, अहेरी, चांदा ही साखळी हेच त्या घराण्याचे या नगराशी असलेले नाते.

(५) १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचे राज्य घेतले आणि नीलकंठशाहाबरोबर गोंड राजवट संपली. तथापि, जंगलातील जमीनदाऱ्या मोडल्या नाहीत. दूरच्या दरबाराला ठरलेली रक्कम पोहोचली की आतला कारभार जमीनदारच पाहत. १८१८ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांच्या काळात इंग्रजी फौजेने चांद्याच्या परकोटाला वेढा घालून तो जिंकला, किल्लेदार गंगासिंग त्या लढाईत पडला. तरीही नागपूरचे राज्य नावाने उरले होते.

(६) खरा बदल १८५४ चा. तिसरा रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये औरस पुत्रावाचून वारला आणि डलहौसीने वारसाच्या अभावाचे कारण सांगून नागपूर खालसा केले. तेव्हापासून चांद्यावर कंपनीचा थेट अंमल बसला. बाबुरावाने शस्त्र उचलले तेव्हा हा अंमल अवघा चार वर्षांचा होता. ‘कायदेशीर सरकारविरुद्ध बंड’ हा शब्दप्रयोग सहज वापरणाऱ्यांनी या चार वर्षांची तुलना त्याच्या घराण्यामागील शतकांच्या व्यवस्थेशी करावी.

(७) घटनाक्रम असा. मार्च १८५८ मध्ये बाबुरावाने सुमारे ५०० माणसांच्या बळावर राजगड परगण्यावर ताबा मिळवला. अडपल्ली आणि घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. त्यांच्या फौजेत गोंडांबरोबर रोहिलेही होते. आजच्या अनेक लेखांतून हे रोहिले नाहीसे होतात, कारण ते कोणत्याच सोयीच्या चित्रात बसत नाहीत. चांद्याचा कारभार पाहणारा कॅप्टन क्रिक्टन याने त्यांच्यावर फौज धाडली. मार्च-एप्रिलमध्ये चकमकी झाल्या, पण बंड मोडले नाही.

(८) २९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहिता नदीकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोघे ठार झाले. त्यांचा सहकारी पीटर निसटला आणि त्याने क्रिक्टनला वृत्त कळवले. बाबुरावाच्या नावापुढे ‘खुनी’ हा शब्द कायमचा लागला तो या रात्रीमुळे.

(९) येथे चरित्रलेखक बहुधा घाई करतात. कोणी गार्टलँड आणि हॉल यांची नावे गाळतो, कोणी त्यांना ‘क्रूर इंग्रज अधिकारी’ करून टाकतो. ते तारखात्याचे कर्मचारी होते. त्यांनी बाबुरावाच्या गावावर अत्याचार केल्याचा पुरावा कोणी पुढे ठेवत नाही. दोन माणसे मारली गेली, हे स्पष्ट लिहिण्याने बाबुराव लहान होत नाही. उलट मृतांना खलनायक बनवल्याशिवाय ज्याचे मोठेपण टिकत नाही, तो वीर लेखकाच्या मनातच डळमळीत आहे असे म्हणावे लागेल.

(१०) त्याचबरोबर तार म्हणजे काय, हेही लक्षात घ्यावे. १८५७ च्या उठावात कंपनीला वाचवणाऱ्या साधनांत तारयंत्राचे स्थान फार वरचे होते. फौजेच्या हालचाली, उठावाच्या बातम्या, मदतीची हाक, सारे तारेवरून जाई. त्यामुळेच उत्तरेतही बंडखोरांनी तारा तोडल्या. चिंचगुंडीचा तळ युद्धाबाहेरची निरुपद्रवी वस्ती नव्हती. त्या रात्रीच्या कृत्याला युद्धाचा संदर्भ आहे, आणि ‘खून’ हा शब्द नेमका तोच संदर्भ पुसतो.

(११) हा शब्द केवळ रागाचा नव्हता, कायद्याचाही होता. बाबुरावाला फाशी झाल्यानंतर अकराव्या दिवशी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, अलाहाबादेत लॉर्ड कॅनिंगने राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला. शस्त्र टाकून घरी परतणाऱ्या बंडखोरांना त्यात माफी देऊ केली होती. परंतु ब्रिटिश प्रजाजनांच्या खुनात प्रत्यक्ष भाग घेतल्याचे ज्यांच्यावर सिद्ध झाले, ते या माफीतून वगळले गेले. म्हणजे बाबुराव आणखी दोन आठवडे जगता, तरी ‘खुनी’ या एका शब्दाने दयेचे दार त्याच्यासाठी बंदच राहिले असते.

(१२) आता त्याच्या साथीदाराचे उदाहरण घ्या. व्यंकटराव बस्तरमध्ये निसटला. एप्रिल १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्याला इंग्रजांच्या हवाली केले. त्याला जन्मठेप काळ्या पाण्याची आणि मालमत्तेच्या जप्तीची शिक्षा झाली, फाशी नव्हे. बंड एकच, काळ वेगळा, शिक्षा वेगळी. १८५८ मध्ये सत्तेला दहशत बसवायची होती, तर १८६० मध्ये शांतता प्रस्थापित झाल्याचे दाखवायचे होते. ज्यांना शिक्षेचे मोजमाप केवळ गुन्ह्यावरून झाले असे वाटते, त्यांनी या दोन वर्षांच्या अंतराचा विचार करावा.

(१३) ‘मारेकरी’ कोणाला म्हणावे, याचे एक उदाहरण चांद्याच्याच परंपरेत आहे. बीरशाह राजाला हिरामण नावाच्या रजपुताने विश्वासघाताने मारले, असे ती परंपरा सांगते. विश्वासाच्या आड राहून राजावर चालवलेले शस्त्र आणि परकीय सत्तेच्या तळावर सशस्त्र दलाने घातलेला छापा, या दोन कृत्यांना एकच नाव देणे म्हणजे भाषेचा आळस. इंग्रजी दप्तराने तो जाणूनबुजून केला. मराठी वाचकाने तो विनाकारण का उचलावा?

(१४) आता अहेरी. बाबुरावाला पकडून दिले अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या माणसांनी. ही गोष्ट खरी आहे आणि ती सौम्य करण्याचे कारण नाही. क्रिक्टनने त्यांच्यावर दबाव आणला होता, हेही खरे. बंडखोर त्यांच्याच जमीनदारीतला असल्याने त्यांची स्वतःची जमीनदारी पणाला लागली होती. दबावाने कृत्याचे समर्थन होत नाही, परंतु त्याचे कारण कळते. कारण सांगणे हे इतिहासाचे काम आहे, शिव्या देणे नव्हे.

(१५) बक्षीस काय मिळाले, तेही पाहावे: व्यंकटरावाच्या जप्त केलेल्या अडपल्ली-घोट जमीनदारीतील ६७ गावे. कंपनीच्या तिजोरीतून एक रुपया गेला नाही. एका स्थानिक घराण्याची जमीन काढून दुसऱ्या स्थानिक घराण्याला दिली, आणि दोघांत पिढ्यांचे वैर पेरले. आज अहेरीच्या नावाने बोटे मोडणारी प्रत्येक पोस्ट क्रिक्टनने आखलेली वाटणी पुढे चालवते. ज्याने सौदा घडवून आणला त्याचे नाव मात्र त्या पोस्टमध्ये क्वचितच आढळते.

(१६) आणखी एक विसंगती. व्यंकटरावाला इंग्रजांच्या हाती देणाऱ्या बस्तरच्या राजाला कोणी ‘फितूर’ म्हणत नाही. कृत्य तेच, पण लोकांच्या स्मरणात दोष उरला तो एका स्त्रीचा. त्यात तिचे नाव लक्ष्मीबाई, आणि झाशीच्या लक्ष्मीबाई त्याच वर्षी जूनमध्ये धारातीर्थी पडल्या. मग ‘एक लक्ष्मीबाई लढली, दुसरीने विकले’ हे टाळ्यांचे वाक्य आयतेच हाती येते. नावाचा योगायोग म्हणजे पुरावा नव्हे. दोघींची परिस्थिती, सत्ता आणि पर्याय यांची तुलना करण्याचे कष्ट त्या वाक्याच्या कर्त्याने घेतलेले नसतात.

(१७) यापुढची पायरी अधिक घातक आहे: ‘त्या घराण्याच्या रक्तातच फितुरी आहे.’ रक्तावरून माणसाचा स्वभाव ठरवण्याची हीच रीत वसाहतकाळातील सरकारने पुढे १८७१ च्या कायद्यात वापरली आणि संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. शेडमाके यांचे नाव घेऊन दुसऱ्या घराण्याला जन्मजात दोषी ठरवणारा माणूस, नकळत का होईना, त्याच कायद्याचा युक्तिवाद वापरत असतो. एका व्यक्तीने एका वर्षी केलेल्या कृत्याचा जाब तिच्यापुरताच मागता येतो.

(१८) फाशी चांद्यातच का? जिथे गोंड राजांची गादी होती, त्याच परकोटाच्या आत गोंड जमीनदाराला फासावर चढवले की, सबंध मुलखाला संदेश जातो: या दरवाजांवरचा सिंह आता कोणाचाच नाही. आजही २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या कारागृहाजवळ लोक जमतात आणि त्याला अभिवादन करतात. त्या नगरात तो केवळ आरोपी म्हणून आणला गेला, असे मानले तर क्रिक्टनचा संदेश आपण मान्य केला असा त्याचा अर्थ होतो.

(१९) २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. बाबुरावाचे जन्मगाव आणि अहेरी त्या जिल्ह्यात गेली, फाशीची जागा चंद्रपुरात राहिली. प्रशासनाला ही विभागणी आवश्यक होती, पण इतिहासलेखनाने ती स्वीकारण्याचे कारण नाही. गडचिरोलीचा ‘आदिवासी वीर’ आणि चंद्रपूरचा ‘गोंडकालीन वारसा’ हे दोन स्वतंत्र विषय म्हणून शिकवले जातात. वास्तविक ते एकाच राज्याच्या कथेचे दोन भाग आहेत.

(२०) साधनांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. १८५८ च्या घटनांचे लिखित वृत्त मुख्यतः विजेत्यांचे आहे: अधिकाऱ्यांचे अहवाल, लुसी-स्मिथचा १८६९ चा जमाबंदी अहवाल, नंतरचे गॅझेटियर. बाबुरावाच्या बाजूने आहे ती मौखिक परंपरा, त्याच्या अद्भुत शक्तीच्या कथांसह. दप्तरातून तारखा आणि नावे घ्यावीत, त्याची विशेषणे घेऊ नयेत. लोककथेतून समाजाने त्याला कसे जपले ते समजून घ्यावे, तिच्यातून सैन्याची संख्या काढू नये. आज फिरणारे फुगवलेले आकडे या साध्या नियमाच्या अभावातून जन्मले आहेत.

(२१) तेव्हा बाबुरावावर लिहिणाऱ्याने तीन गोष्टी टाळू नयेत. गार्टलँड आणि हॉल यांची नावे लिहावीत. अहेरीचा उल्लेख करताना क्रिक्टन आणि ६७ गावे यांचाही उल्लेख करावा. आणि बाबुरावाचा परिचय ‘जंगलातील वीर’ असा न देता, चांद्याच्या गोंड राज्यव्यवस्थेतून आलेला जमीनदार असा द्यावा. असे केले की ‘खुनी’ हा शब्द खोडण्याची गरजच उरत नाही. तो कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणाच्या नगरात उच्चारला, हे वाचकाला आपोआप दिसते.